मूल होऊ द्यायच्या आधी घरातलं शिसं: कुठे शोधायचं, काय मोजायचं

जास्वंद (धागाकर्ती)

मूल होऊ द्यायचं ठरवलं की हाती ज्या याद्या पडतात त्यांत फोलिक अ‍ॅसिड असतं, थायरॉइड असतं, रुबेला असतो. शिसं कुठेच नसतं. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, म्हणजे विषय संपला असं बहुतेकांना वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिशाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत गरोदर बायकांचा स्वतंत्र विचार आहे.

चार प्रश्न आहेत.
१. गर्भधारणेआधी रक्तातलं शिसं तपासावं का, आणि आकडा कसा वाचायचा?
२. मराठी घरात शिसं येतं कुठून? हळद, शेंदूर, कल्हई, भस्मं, सगळ्याबद्दल उलटसुलट वाचलंय.
३. जुन्या घराच्या खिडक्या-दारांचा ऑइल पेंट काढायचा असेल तर कसा?
४. नवऱ्याने काय करायचं?

अनुभवांसाठी वेगळा धागा आहे. इथे माहितीच येऊ द्या, ही विनंती.

---

गुणसूत्र

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक फारसा कळत नाही. पोटात गेलेलं शिसं रक्तात येतं आणि तिथून हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला साधारण महिना लागतो, हाडांतलं निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं. प्रौढ माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं.

गरोदरपणात बाळाचा सांगाडा घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही निघतं. म्हणून आईच्या रक्तातलं शिसं दुसऱ्या तिमाहीत जरा खाली येऊन तिसऱ्या तिमाहीत पुन्हा चढतं. वार (प्लॅसेंटा) ते अडवत नाही. नाळेच्या रक्तात जवळजवळ आईइतकंच शिसं सापडतं.

म्हणजे लहानपणी शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या धुरात वाढलेल्या मुलीच्या हाडांत ते आजही असणार. ते काढायचा कुठलाही खात्रीचा उपाय नाही. हातात दोनच गोष्टी राहतात: आजपासून नवीन शिसं आत येऊ द्यायचं नाही, आणि हाडांवर कॅल्शियमसाठी ताण येऊ द्यायचा नाही. मेक्सिको सिटीत गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं तेव्हा रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. चमत्कार नव्हे, पण स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

दुसरं म्हणजे लोह. आतड्यात लोह शोषून घेणारं जे वाहक प्रथिन आहे, तेच शिसंही उचलतं. लोह कमी पडलं की शरीर ते वाहक वाढवतं आणि शिशाचं फावतं. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे ते वेगळं सांगायला नको. शिवाय शिसं स्वतःच हिमोग्लोबिन बनण्याच्या साखळीत खोडा घालतं. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) नाही हे पक्कं झालं असेल, तर डॉक्टरांपाशी शिशाचा विषय काढा.

उपाशीपोटी शिसं कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. निर्जळी उपास करून सकाळी सकाळी भस्माची पुडी घेणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

---

हळकुंड

हळदीचं मी सांगतो.

हळदीत घातलं जातं ते लेड क्रोमेट, पिवळाजर्द रंग. बहुतेक वेळा ते दळताना नाही, तर हळकुंडं पॉलिश करताना पिंपात टाकतात, कारण डागाळलेला जुना माल चकचकीत दिसला की भाव येतो. बांगलादेशात हे २०१९ मध्ये उघडकीला आलं. तिथल्या सरकारने बाजारात हातातल्या एक्स-रे यंत्राने तपासण्या केल्या, दंड केले, आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या नमुन्यांतून लेड क्रोमेट नाहीसं झालं. २०२४ साली भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या शहरांमधल्या हळदीचा अभ्यास आला, त्यात पाटण्याच्या काही नमुन्यांत शिसं हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर होतं.

आता हिशोब करा. एफएसएसएआयची, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, हळदीतल्या शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. दिवसाला ३ ग्रॅम हळद पोटात गेली तर ३० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएची (अन्न-औषध प्रशासनाची) अन्नातल्या शिशाची दैनंदिन संदर्भपातळी मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आहे आणि लहान मुलासाठी २.२. म्हणजे कायद्यात बसणारी हळदसुद्धा मर्यादेच्या काठावर असेल तर जास्तच झाली. चांगल्या हळदीत एक पीपीएमपेक्षा कमी शिसं असतं, त्यामुळे ‘पास’ एवढाच शेरा बघू नका, आकडा मागा.

घ्यायची कशी? सांगली, वसमत, हिंगोली, जिथली मिळेल तिथली, पण बिनपॉलिशची अख्खी हळकुंडं. ती दिसायला मळकट आणि सुरकुतलेली असतात, सालीवर तपकिरी छटा असते. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसा. फडक्यावर लिंबासारखा भडक पिवळा थर आला आणि मोडलेल्या हळकुंडाचा आतला रंग मात्र नारिंगी-पिवळा दिसला, तर तो माल घेऊ नका. गिरणीत दळायला देताना आधीच्या गिऱ्हाइकाची हळद जात्यात असते, म्हणून पहिलं पावशेर बाजूला काढायला सांगा.

ग्लासभर पाण्यात हळद टाकून बघायची चाचणी फक्त बटबटीत भेसळ दाखवते. वीस-तीस पीपीएम तिला कळणं शक्य नाही. वर्षाची हळद एकदम भरत असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ५०-१०० ग्रॅम पाठवा आणि ‘आयसीपी-एमएसवर शिसं, पीपीएममध्ये’ असं लिहून द्या (आयसीपी-एमएस म्हणजे धातूंचं अगदी बारीक प्रमाण मोजणारं यंत्र). नुसतं ‘भेसळ तपासा’ म्हटलंत तर स्टार्च आणि मेटॅनिल यलो (भेसळीचा कृत्रिम पिवळा रंग) बघून कागद परत करतील.

---

वैद्यबुवा

हळदीचं मान्य. पण भस्मांना सरसकट झोडपू नका. शास्त्रोक्त शोधन-मारण (शुद्ध करून भाजणं) झालेलं नागभस्म, म्हणजे शिशाचं भस्म, आणि कच्चं शिसं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

गुणसूत्र

वैद्यबुवा, फरक संयुगात आहे, मूलद्रव्यात नाही. कितीही पुटं (भट्टीतल्या भाजण्या) दिलीत तरी शिसं जळून जात नाही. त्याचं ऑक्साइड होईल, सल्फाइड होईल, कण बारीक होतील. जठरातल्या आम्लात त्यातलं काही विरघळणारच.

आणि हा नुसता तर्क नाही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात जास्त शिसं सापडलं, ते भारतातून आलेल्या आयुर्वेदिक औषधांपर्यंत जाऊन भिडलं. काही गोळ्यांतलं शिसं पीपीएम सोडून टक्क्यांत मोजावं लागलं. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या गर्भपाल रसाच्या पाठातच नागभस्म आहे आणि हिंगूळही, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. इथे भेसळीचा प्रश्नच येत नाही, कृतीच तशी आहे.

शतावरी, आवळा, अशोक वगैरे निव्वळ वनस्पतीज औषधांबद्दल मी बोलत नाहीये. तिथे शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे आणि उत्पादकाकडे त्या बॅचचा अहवाल मागता येतो. घेऊ नये ते हे: नाग, हिंगूळ, मल्ल (आर्सेनिक), रससिंदूर (पाऱ्याचं), आणि नावात ‘रस’ असलेलं पण घटक छापलेले नाहीत असं काहीही. मूल हवं म्हणून कुणी हातात दिलेली बिनलेबलची पुडी तर नकोच.

---

वैद्यबुवा

गरोदरपणात रसौषधी जपून द्यावीत, एवढं मलाही मान्य. बिनलेबलच्या पुडीबद्दल तर शंभर टक्के सहमत.

---

रंगारी_नंबर१

प्रश्न ३. सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. होणाऱ्या बाळाची खोली रंगवायची म्हणून लोक नेमका सातव्या महिन्यात रंग खरवडायला काढतात!

घरगुती आणि सजावटीच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये हजारो पीपीएम शिसं असू शकतं, पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा यांत सर्वांत जास्त. भिंतीचा चुना, डिस्टेंपर यांची चिंता कमी. संशय घ्यायचा तो खिडक्या, दारं, ग्रिल, जिन्याचे कठडे, जुना पाळणा यांच्यावर. लोखंडी ग्रिलचा रंग उडालाय तिथे खालचा थर बघा. विटकरी-तपकिरी असेल तर तो बहुधा रेड ऑक्साइड, म्हणजे लोहाचा. भडक नारिंगी-शेंदरी असेल तर रेड लेड समजून चाला. नियम औद्योगिक रंगांना लागू नाही, त्यामुळे फॅब्रिकेटरकडून आलेलं नवं ग्रिलसुद्धा विचारूनच घ्या.

रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या, वरून नवा थर मारा. अपवाद घासणाऱ्या जागांचा: खिडकीची चौकट, सरकता पल्ला, दाराची कड. तिथे उघडझाप झाली की दर वेळी बारीक भुकटी पडते आणि ती खालच्या फरशीवर बसते. रांगणारं मूल पुढे तिथेच फिरणार असतं.

काढायचाच असेल तर असा:

गरोदर बाई आणि लहान मुलं शेवटची सफाई होईपर्यंत त्या घरात नकोत. ‘दुसऱ्या खोलीत’ चालत नाही, भुकटी पायांबरोबर घरभर जाते. सामान बाहेर काढा. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा टेपने चिकटवा, दारावर प्लास्टिकचा पडदा, पंखा बंद.

पृष्ठभाग सतत ओला ठेवा. फवाऱ्याच्या बाटलीत एक लिटर पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, त्याने पाणी ओघळून न जाता पसरतं. घासायला वॉटर पेपर, १०० किंवा १२० नंबरचा, तोही ओलाच. रंग सुकलेला दिसला की थांबून आधी फवारा.

ब्लो लॅम्प अजिबात नाही. ज्योतीच्या उष्णतेने शिशाचा धूर होतो आणि तो भुकटीपेक्षा वाईट, थेट फुप्फुसात जातो. ग्राइंडर आणि इलेक्ट्रिक सँडरही नाही. कारागिराला एन९५ तरी द्या, अर्ध्या चेहऱ्याचा पी१०० गाळणीचा मास्क असेल तर उत्तम. तोंडाला रुमाल बांधून काहीही अडत नाही. कामाच्या जागी चहा, तंबाखू, विडी बंद. हात धुतल्याशिवाय काही तोंडात नाही. रंगाऱ्यालाही घरी मुलं आहेत.

शेवटी प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत बांधा. तो कचरा कुंड्यांच्या मातीत, परसात किंवा शेकोटीत जाता कामा नये. केरसुणी लावू नका, साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत फेकतो. दोन बादल्या घ्या, एकीत साबणपाणी, दुसरीत खळबळायचं पाणी. फडकं वारंवार बदला. दिवसाआड दोनदा पुसा, कारण हवेत तरंगणारं पहिल्या पुसण्यानंतर खाली बसतं.

---

जास्वंद

खूप उपयोगी. रंगात शिसं आहे की नाही हे आधी तपासता येतं का? ऑनलाइन तपासणीच्या काड्या मिळतात.

---

रंगारी_नंबर१

काड्यांवर भिस्त नको. त्या रोडिझोनेटच्या असतात, शिसं असेल तर गुलाबी-लाल होतात. लाल रंगावर घासलं की रंगच काडीला लागतो, आणि पिवळ्या लेड क्रोमेटला बऱ्याचदा दादच देत नाहीत. शिवाय वरचा थर नवा असेल तर खालचा सापडत नाही. त्यापेक्षा न दिसणाऱ्या कोपऱ्यातून पाच बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा, अगदी लाकडापर्यंतचे सगळे थर धरून, ओला करून काढा, झिपच्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. हातातलं एक्स-रे यंत्र असलेला कुणी मिळाला तर तुकडाही काढावा लागत नाही.

---

कथील

कल्हईचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. कल्हई कथिलाची आणि नवसागराची. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि दोन्ही मिसळली की कमी उष्णतेत वितळतात आणि भांड्यावर पटकन पसरतात. लबाडीला जागा आहे ती इथे. अशा भांड्यात आमटी, सोलकढी, चिंचेचं सार ठेवलं की आंबटाने शिसं सुटतं.

कल्हईवाल्याकडची कांडी हातात घ्या आणि कानाजवळ नेऊन हळूच वाकवा. शुद्ध कथील वाकताना कुरकुरल्यासारखा आवाज येतो. शिसं गपचूप वाकतं. पांढऱ्या कागदावर घासलीत तर शिशाची पेन्सिलसारखी गडद रेघ उठते. भेसळ थोडी असेल तर हे कळणार नाही, म्हणून सोपं म्हणजे कथिलाची कांडी स्वतः धातूच्या दुकानातून बिलासकट आणून देणे. आणि आंबट पदार्थ स्टीलमध्येच.

पितळी नळ आणि समया ओतीव-कातीव असतात, कातकामाला सोपं जावं म्हणून त्या पितळेत थोडं शिसं मुद्दाम घालतात. समईला हरकत नाही, नळाचं रात्रभर साचलेलं पहिलं पाणी मात्र पिण्यास-स्वयंपाकास घेऊ नका, मिनिटभर सोडा आणि ते झाडांऐवजी फरशीला वापरा. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

---

एडिसनकर

परदेशातल्यांसाठी: न्यू जर्सी आणि भारतातल्या कुंकू-सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला होता. बहुतेकांत थोडंफार शिसं होतं, आणि एफडीएच्या २० पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने अमेरिकेतले १९ टक्के, भारतातले ४३ टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने आयात भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात हिंडालियमसारखी अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची भांडी आहेत. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यात काय काय असेल ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं. सुटकेसमधून आजीची कढई आणणाऱ्यांनी विचार करावा.

इथली, म्हणजे अमेरिकेतली, सोय एवढीच की मुलाच्या पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास बालरोगतज्ज्ञ शिशाची तपासणी सांगतात. ‘आम्ही कुठे जुन्या घरात राहतो’ म्हणून टाळू नका.

---

भट्टीवाला

प्रश्न ४. नवऱ्याचा संबंध दुहेरी आहे.

एक, शुक्राणू. रक्तातलं शिसं ४० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिलं तर शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. शुक्राणूच्या डोक्यात जनुकद्रव्य घट्ट बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाला जस्त लागतं, शिसं त्याची जागा बळकावतं. शुक्राणू तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, मग पुढचा प्रवास. त्यामुळे काम बदललं किंवा धूळ थांबवली तरी वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करा. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीत जुनाच माल दिसणार.

दोन, घरी येणारी धूळ. बॅटरी बनवणं-फोडणं, भंगार, रेडिएटरचं सोल्डरिंग, पितळ ओतकाम, चांदी गाळणं, स्प्रे पेंटिंग. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगार, चांदी कारागीर आणि स्प्रे पेंटर यांच्या रक्ताचे अभ्यास प्रसिद्ध आहेत, त्यांच्यात हिमोग्लोबिन बनण्याची साखळी बिघडलेली दिसली. बायको घरातच असते, तिच्या रक्तात शिसं कुठून, याचं उत्तर बऱ्याचदा खुंटीला टांगलेल्या शर्टात असतं.

कपडे आणि चपला कामावरच बदला. आंघोळ तिथेच, नाहीतर घरी शिरल्याबरोबर, मुलाला उचलायच्या आधी. कपडे बांधलेल्या पिशवीत आणून वेगळे धुवा, झटकू नका. धुणारी व्यक्ती गरोदर नको. लोक विसरतात ते म्हणजे डब्याची पिशवी, मोबाईलचं कव्हर आणि गाडीची सीट. ओल्या फडक्याने रोज.

---

गुणसूत्र

आता प्रश्न १, तपासणी.

शिसं लाल पेशींत असतं, त्यामुळे संपूर्ण रक्त लागतं. लॅबने सीरमवर (पेशी वगळून उरलेल्या द्रवावर) करू म्हटलं तर दुसरी लॅब गाठा. शिरेतलं रक्त, ट्रेस एलिमेंटसाठीच्या गडद निळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत. बोट टोचून घेतलेल्यात बोटावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढतो, जास्त आला तर शिरेतून पक्का करून घ्या. एकक बघा: मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर की प्रति लिटर? दोहोंत दहापटींचा फरक आहे आणि त्यावरून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात.

सगळ्यांनी करावीच असं मी म्हणणार नाही. पुढच्यांपैकी एक जरी ‘हो’ असेल (भस्म, कामधंदा, नुकताच खरवडलेला जुना रंग, भट्टीशेजारचं घर, माती चाखायचे डोहाळे) तर नक्की.

५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्रोत शोधून बंद करायची पातळी. गरोदर बाईचं कॅल्शियम-लोह कमी असेल तर तेही सुरू करायचं. ५ च्या खाली म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) मुलांसाठीची संदर्भपातळी २०२१ मध्ये ३.५ वर आणली. मेक्सिकोतल्या एका अभ्यासात आईच्या रक्तात दर ५ मायक्रोग्रॅम वाढीमागे गर्भपाताची शक्यता १.८ पट दिसली. मुलांच्या सात अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक ३.९ गुणांनी घसरला, पुढे १० वरून २० वर जाताना फक्त १.९. पहिले काही मायक्रोग्रॅमच जास्त नुकसान करतात.

४५ च्या वर रुग्णालयाचं काम, शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं तिथेच. त्याखाली ती औषधं मागू नका. २० ते ४४ असलेल्या मुलांना ती देऊन पाहिली, रक्तातला आकडा उतरला पण बुद्ध्यंकात फरक पडला नाही. ‘हेवी मेटल डिटॉक्स’च्या चूर्णांबद्दल बोलायलाच नको.

स्रोत बंद केल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. निम्म्याच्या आसपास आला तर स्रोत बरोबर पकडला. तिथेच अडला असेल तर एकतर हाडांतून येतंय किंवा घरात दुसरं काहीतरी राहिलंय, आधी दुसरं शोधा.

---

जास्वंद

मनापासून आभार. शेवटचं एक: देवघरातला शेंदूर आणि बाळाचं काजळ?

---

कथील

खरा शेंदूर म्हणजे रेड लेडच, वजनाच्या नव्वद टक्के शिसं. बाजारात हल्ली त्या नावाने नारिंगी रंगही विकतात, पण डोळ्यांनी ओळखता येत नाही. मारुतीला लावायचा तर देवळात लावा, घरात डबी नको, आणि तेलात कालवलेला शेंदूर बोटाने मुलाच्या कपाळी तर नाहीच. बोट तोंडात जायला वेळ लागत नाही.

काजळात दगडी सुरमा म्हणजे लेड सल्फाइड. घरी तुपाच्या ज्योतीवर धरलेली काजळी निराळी, तिच्यात शिसं नसतं, फक्त ती धरायला जुनं कल्हईचं भांडं घेऊ नका, स्टीलची ताटली घ्या. तीट लावायचीच तर गालावर नको, तळपायाला लावून वर मोजा घाला.